व्हीव्हीटीचं ट्यूनिंग: आधी ऑइल आणि ओसीव्ही, मॅपला हात सगळ्यात शेवटी

पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाट लागतो. माझी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक हा घाट तिसऱ्या गिअरमध्ये सहज चढायची. लाखभर किलोमीटर झाल्यावर तीच गाडी निम्म्या घाटात दम टाकायला लागली. चेक इंजिनचा दिवा लागत नव्हता, धूर नव्हता, ॲव्हरेज किंचित उतरलं होतं. "रिमॅप करून घ्या, व्हीव्हीटी ट्यून केलं की पिकअप परत येईल," असं एकाने सांगितलं. व्हीव्हीटी म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी यंत्रणा, आणि रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे, म्हणजे मॅप, बदलणं. मी पैसे मोजून तो करून घेतला. दोन आठवडे बरं वाटलं, मग घाटात पुन्हा तेच. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने हेडवरून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावरून, बोटाएवढा एक व्हॉल्व्ह काढून माझ्या हातावर ठेवला. त्याची बारीक जाळी काळ्या चिकट गाळाने बुजली होती. नव्या मॅपमध्ये कितीही चांगला कोन लिहिलेला असला, तरी तो व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचतच नव्हता.

त्या दिवसापासून मी हे काम नीट शिकत गेलो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने ज्या क्रमाने जावं असं मला वाटतं, तोच क्रम इथे मांडतोय. टर्बो नसलेली, कंपनीकडूनच व्हीव्हीटी असलेली पेट्रोल गाडी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

१. व्हीव्हीटी नेमकं काय हलवतं ते समजून घ्या

पिस्टन खाली जाताना इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतो आणि हवा आत येते. पिस्टन तळाला पोहोचून वर निघाला तरी हा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच राहतो. जास्त आरपीएमला याचा फायदा होतो, कारण वेगात आलेल्या हवेला स्वतःचा रेटा असतो आणि पिस्टन वर निघाल्यावरही ती आत घुसत राहते. कमी आरपीएमला मात्र हवेत तेवढा रेटा नसतो. मग आत आलेली हवा पिस्टन परत इनटेक मॅनिफोल्डमध्ये ढकलतो आणि तेवढा टॉर्क कमी होतो.

म्हणजे कमी आरपीएमला व्हॉल्व्ह लवकर मिटायला हवा आणि जास्त आरपीएमला उशिरा. साध्या इंजिनात कंपनीला या दोन्हींच्या मधली एक वेळ निवडावी लागते. व्हीव्हीटीमध्ये कॅमशाफ्टच्या टोकाला फेझर असतो. त्याच्या आतल्या कप्प्यांत ऑइल दाबाने शिरलं, की कॅमशाफ्ट टायमिंग चेनच्या गिअरच्या तुलनेत काही अंश पुढे किंवा मागे फिरतो. पुढे नेण्याला ॲडव्हान्स म्हणतात, मागे नेण्याला रिटार्ड. कुठल्या कप्प्यात ऑइल जाईल हे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे ओसीव्ही ठरवतो, आणि ओसीव्हीला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर.

दुसरी गोष्ट ओव्हरलॅपची. इनटेक कॅम ॲडव्हान्स केला की व्हॉल्व्ह लवकर उघडतो, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटायच्या आत दोन्ही काही काळ एकत्र उघडे राहतात. अर्ध्या थ्रॉटलवर यामुळे थोडा जळालेला वायू सिलिंडरमध्येच राहतो, इंजिनला हवा ओढायला कमी कष्ट पडतात आणि पेट्रोल वाचतं. हाच ओव्हरलॅप आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना मिळाला तर इंजिन गदगद हलतं किंवा बंद पडतं.

यातून काय मिळतं याचा अंदाज आकड्यांवरून घ्या. मारुतीच्या २०१० च्या स्विफ्टमधलं १.२ लिटरचं के१२एम इंजिन व्हीव्हीटीशिवाय ८५ पीएस आणि ४५०० आरपीएमला ११३ न्यूटन-मीटर द्यायचं. २०११ च्या नव्या स्विफ्टमध्ये त्यालाच व्हीव्हीटी आलं, आणि आकडे झाले ८७ पीएस आणि ४००० आरपीएमला ११४ न्यूटन-मीटर. कमाल आकडा जेमतेम हलला, पण कमाल टॉर्क ५०० आरपीएम आधीच मिळू लागला. घाटात आणि शहरात गाडी कशी ओढते ते या ५०० आरपीएममध्ये दिसतं. व्हीव्हीटीच्या ट्यूनिंगमधून तुम्हाला मिळणार आहे ते हेच. कमाल पॉवरचा मोठा आकडा हवा असेल तर त्याचा रस्ता वेगळा आहे.

२. आपल्या गाडीत कोणतं तंत्र आहे ते ओळखा

व्हीव्हीटी, व्हीव्हीटी-आय, व्हीटीव्हीटी, व्हॅनोस ही नावं कंपनीनुसार बदलतात, मूळ काम कॅमशाफ्ट फिरवण्याचंच. होंडाचं व्हीटेक वेगळं आहे. १९८९ मध्ये इंटिग्रात ते पहिल्यांदा आलं, तेव्हा त्यात एका ठरावीक आरपीएमनंतर इंजिन दुसऱ्या, जास्त उचल देणाऱ्या कॅमवर जायचं. पुढे के२० सारख्या आय-व्हीटेक इंजिनांत होंडाने दोन्ही एकत्र केलं, म्हणजे कॅम बदलतोही आणि फिरतोही.

तुमच्या इंजिनात फक्त इनटेक कॅम फिरतो की दोन्ही, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. हेडवर ओसीव्ही एक आहे की दोन, यावरूनही कळतं. दोन्ही फिरत असतील तर काम दुपटीहून जास्त वाढतं, ते पुढे सांगतो.

३. साधनं आणि कागद

घरी लागणारी साधनं:

- ओबीडी ॲडॅप्टर (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लावायचा) आणि कंपनीनिहाय पीआयडी, म्हणजे ईसीयूमधले आकडे, वाचणारं ॲप किंवा स्कॅनर. इथे बरेच जण अडकतात. सर्वसाधारण ओबीडी यादीत कॅमचा कोन बहुधा नसतो, त्यामुळे फुकटच्या ॲपमध्ये तो शोधून सापडत नाही. विकत घेण्याआधी तुमच्या मॉडेलचा व्हीव्हीटी अँगल दिसतो का, ते विचारून घ्या.
- मल्टिमीटर
- लहान टॉर्क रेंच, दहाचा सॉकेट
- थ्रॉटल बॉडी क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर, ओसीव्हीची नवी ओ-रिंग
- तुमच्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल

कागदांत आरसी, पीयूसी, विम्याची पॉलिसी आणि ऑइल कधी, कुठल्या ग्रेडचं टाकलं याच्या पावत्या. पावत्या नसतील तर आजपासून वही सुरू करा. मी प्रत्येक ऑइल बदलाचं किलोमीटर आणि ग्रेड लिहितो, त्याचा ट्यूनरलाही उपयोग होतो.

४. ऑइल आणि ओसीव्ही

सबंध लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे, म्हणून इथे घाई करू नका.

फेझर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल किती पातळ आहे हे धरूनच कंपनीने फेझरचा वेग ठरवलेला असतो. गाडी जुनी झाली की "आता थोडं जाड ऑइल टाका" असा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. व्हीव्हीटीच्या इंजिनात हा सल्ला मानू नका. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लिहिलं असेल तर तेच टाका. जाड ऑइल ओसीव्हीच्या बारीक वाटांतून हळू सरकतं, फेझर उशिरा पोहोचतो, आणि ईसीयूला वाटतं यंत्रणा बिघडलीय.

रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर जास्त काळजी घ्या. इंजिन पूर्ण तापत नाही, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल मिसळत राहतं आणि गाळ लवकर धरतो. अशा गाडीला कंपनीने सांगितलेल्या अंतराची वाट न बघता आधीच ऑइल बदलावं असं माझं ठाम मत आहे.

ओसीव्ही तपासायची पद्धत:

इंजिन थंड असताना कनेक्टर काढा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून ओसीव्हीच्या दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. टोयोटाच्या अनेक इंजिनांत २० अंश तापमानाला तो ६.९ ते ७.९ ओहम असतो. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधून घ्या. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली कॉइल तुटलीय, तो व्हॉल्व्ह बदलायचा.

आता बोल्ट काढून व्हॉल्व्ह सरळ वर ओढा. अडकला तर थोडा डावी-उजवीकडे फिरवा, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, ॲल्युमिनियमच्या हेडवर चरा पडतो. जाळी असेल तर ती व्हॉल्व्हवर किंवा जवळच्या वेगळ्या बोल्टखाली असते. ती आत पडणार नाही याची काळजी घ्या. क्लीनरने धुवा, हवेने वाळवा. मग बॅटरीचे १२ व्होल्ट क्षणभर लावून बघा. आतला सरकता दांडा (स्पूल) टकटक करून पूर्ण सरकला पाहिजे आणि करंट काढताच परत आला पाहिजे. क्षणभरच लावा, जास्त वेळ दिला तर कॉइल तापून जळते.

बसवताना नवी ओ-रिंग, तिला थोडं ऑइल, आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने. बोल्ट लहान असतो, हाताच्या अंदाजाने आवळला तर हेडमधला आटा जातो.

यानंतरची एक चाचणी मला फार उपयोगी वाटते. इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि ओसीव्हीला बाहेरून क्षणभर १२ व्होल्ट द्या. बहुतेक इनटेक फेझरमध्ये कॅम पूर्ण ॲडव्हान्स होतो, ओव्हरलॅप वाढतो आणि इंजिन लगेच गदगदतं किंवा बंद पडतं. तसं झालं तर आनंद माना, फेझर हलतोय. काहीच फरक पडला नाही तर ऑइलची वाट बुजलीय किंवा फेझर अडकलाय, आणि पुढचं ट्यूनिंग तिथेच थांबवा. ही चाचणी करण्याआधी तुमच्या मॅन्युअलमध्ये तिला परवानगी आहे का, ते बघून घ्या.

इंजिनात खूप गाळ असेल तर जोरदार फ्लशिंगचा मोह टाळा. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकला तर दाबच पडतो. त्यापेक्षा चांगलं ऑइल आणि नवा फिल्टर टाकून दोनेक हजार किलोमीटरवर पुन्हा बदलणं हळू पण सुरक्षित आहे. माझी गाडी याच पद्धतीने सुधारली.

५. टार्गेट आणि ॲक्च्युअल

स्कॅनरवर चारच गोष्टी उघडा: आरपीएम, व्हीव्हीटीचा टार्गेट कोन (ईसीयूने मागितलेला), ॲक्च्युअल कोन (प्रत्यक्षातला) आणि ओसीव्हीची ड्युटी (ईसीयू त्याला किती टक्के वेळ करंट देतोय). स्वस्त ॲडॅप्टरवर दहा गोष्टी एकदम उघडल्या की प्रत्येक आकडा इतका उशिरा येतो, की सुस्त फेझर आणि सुस्त ॲडॅप्टर यांत फरकच कळत नाही.

गरम आयडलला बहुतेक इंजिनांत टार्गेट शून्याजवळ असतं. गाडी सावकाश, स्थिर वेगात चालवा, आकडे शेजारी बसलेल्याला वाचायला सांगा. टार्गेट वाढेल आणि ॲक्च्युअल त्याच्या मागोमाग चढला पाहिजे. स्थिर वेगात दोघांत दोन-तीन अंशांचा फरक मी चालवून घेतो. ॲक्च्युअल हेलकावे खात असेल, किंवा टार्गेट बदलल्यावर रेंगाळत पोहोचत असेल, तर चौथ्या टप्प्याकडे परत जा.

कोड आला असेल तर तो कुठे बोट दाखवतोय ते समजून घ्या. पी००१० म्हणजे वायर, कनेक्टर किंवा कॉइल. पी००११ म्हणजे कॅम सांगितल्यापेक्षा पुढे राहतोय, पी००१२ म्हणजे मागे राहतोय. या दोन्हींत पहिला संशय ऑइल आणि ओसीव्हीवर घ्या. पी००१६ आला तर क्रँक आणि कॅमचं नातंच जुळत नाहीये: चेन लांबलीय, एक दात उडालाय किंवा फेझर जागेवर परत येत नाही. पी००१६ असताना कुठलाही मॅप चढवू नका. थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले एक-दोन सेकंद खडखड येत असेल, तर फेझरची लॉक पिन किंवा चेनचा टेन्शनर तपासून घ्या.

प्लग, एअर फिल्टर, व्हॅक्यूम गळती, कॉम्प्रेशन हे सगळं याच वेळी उरकून घ्या. त्यावर वेगळं लिहायची गरज नाही, कुठलाही चांगला मेकॅनिक करून देतो.

खरं सांगायचं तर निम्म्याहून अधिक वाचकांचं काम इथेच संपेल अशी माझी अपेक्षा आहे. गाडी पुन्हा पहिल्यासारखी ओढत असेल तर पुढचे पैसे वाचवा.

६. कायदा आधी वाचा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलांपासून वेगळ्या होतील असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए मध्ये परवानगीशिवायच्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याशिवाय वॉरंटी जाऊ शकते आणि विमा कंपनीला बदल कळवला नाही तर दाव्याच्या वेळी अडचण येते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि उत्सर्जनाच्या यंत्रणेला हात लावायचाच नाही.

माझी भूमिका स्पष्ट आहे. रोजच्या गाडीत व्हीव्हीटी निरोगी करा. मॅप बदलण्याचं काम ट्रॅकवर चालणाऱ्या गाडीसाठी आहे. पुढचे टप्पे अशा गाड्यांसाठी.

७. ट्यूनरला विचारायचे प्रश्न

बऱ्याच रिमॅपमध्ये इग्निशन (ठिणगीची वेळ), पेट्रोल आणि रेव्ह लिमिट एवढंच बदललेलं असतं. व्हीव्हीटीचा तक्ता जसाच्या तसा राहतो. म्हणून पहिला प्रश्न हा: "माझ्या ईसीयूमधला कॅमच्या कोनाचा तक्ता तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो का? मला तो दाखवाल?" उत्तर गोलमोल आलं तर परत फिरा. मी हा प्रश्न विचारला नव्हता.

दुसरा प्रश्न: डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र, इनर्शियाचा (चाकांनी जड रोलर फिरवायचा) आहे की ब्रेक असलेला? ब्रेकवाल्या डायनोवर इंजिन एका आरपीएमला धरून ठेवता येतं, कॅमसाठी ते फार सोयीचं. इनर्शियावरही काम होतं, फक्त प्रत्येक कोनाला पूर्ण रन, म्हणजे खालच्या आरपीएमपासून वरपर्यंतची एक फेरी, घ्यावी लागते.

तिसरा: वाइडबँड लॅम्ब्डा सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा) आणि नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटल्याचे ठोके) ऐकायची सोय आहे का? ही नसेल तर काम देऊ नका.

चौथा: मूळ फाइलची प्रत मला मिळेल का? पेनड्राइव्हवर घ्या आणि घरी दुसऱ्या जागीही ठेवा.

पाचवा: तक्त्यातले अंश क्रँकचे की कॅमचे? कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे कॅमचे २० अंश म्हणजे क्रँकचे ४०. दोन ठिकाणचे आकडे ताडताना याची गल्लत झाली तर सगळं चुकतं.

८. आधीचं माप

काहीही बदलण्याआधी तीन रन घ्या. तोच गिअर, तोच टायरचा दाब, त्याच पंपावरचं पेट्रोल, तेच कूलंटचं तापमान. तिन्ही आलेख एकमेकांवर बसले पाहिजेत. ते बसत नसतील तर पुढे दिसणारी सुधारणा खरी की भास, हे कळणार नाही.

मुंबईच्या आणि पुण्याच्या डायनोचे आकडे ताडू नका. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब सहा टक्क्यांच्या आसपास कमी असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची तेवढी ताकद तिथेच जाते. डायनो यासाठी सुधारणा गुणक लावतो. तो कोणता लावला आहे ते प्रत्येक छापील कागदावर बघा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा.

९. फुल थ्रॉटलवर कोनाचा शोध

फेझर किती अंश फिरू शकतो ते आधी बघा. होंडाच्या के२०ए मध्ये हा पल्ला क्रँकचे ५० अंश आहे. मूळ कॅम, मूळ हेड आणि मूळ पिस्टन असतील तर फेझरच्या पूर्ण पल्ल्यात व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत, कंपनीने तेवढी जागा ठेवलेली असते. पण हेड घासलेलं असेल किंवा मोठे कॅम बसवले असतील तर ही हमी राहत नाही. के२० मध्ये मोठे कॅम घालणारे लोक याच कारणाने फेझरचा पल्ला मुद्दाम कमी करून घेतात. अशा इंजिनात क्ले लावून मोकळी जागा मोजल्याशिवाय एक अंशही पुढे जाऊ नका.

आता पद्धत. इग्निशन दोन-तीन अंश मागे घ्या, म्हणजे कोन शोधताना नॉकिंगची भीती राहणार नाही. सगळ्या तक्त्यात इनटेकचा कोन शून्य भरा आणि एक रन घ्या. मग सगळीकडे १० भरा, रन घ्या. मग २०, ३०, ४०.

इथे एक चूक फार जण करतात. कोन बदलला की सिलिंडरमध्ये शिरणारी हवा बदलते. मॅनिफोल्डचा दाब मोजून पेट्रोल ठरवणाऱ्या इंजिनाला हा बदल आपोआप कळत नाही, आणि मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) किंवा गडद (पेट्रोल जास्त) होतं. मग तुम्ही कोनांची तुलना करताय असं वाटतं, प्रत्यक्षात मिश्रणांची तुलना होत असते. म्हणून प्रत्येक कोनाला आधी मिश्रण सारखं करा, मग ती रन हिशेबात धरा. फुल थ्रॉटलला मी लॅम्ब्डा ०.८८ च्या आसपास ठेवायला सांगतो.

लॅम्ब्डाच वापरा, एअर-फ्युएल रेशो नको. शुद्ध पेट्रोलला १४.७ हा आकडा सगळ्यांना पाठ असतो, पण आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि त्याचा तोल १३.५ च्या जवळपास बसतो. लॅम्ब्डा एक म्हणजे कुठल्याही इंधनात हवा-इंधनाचा बरोबर तोल.

पाचही रनचे टॉर्कचे आलेख एकावर एक ठेवा. समजा २५०० आरपीएमला शून्य अंशावर ९० न्यूटन-मीटर, १० वर ९४, २० वर ९७, ३० वर ९६ आणि ४० वर ९१ मिळाले. तर तिथे योग्य कोन २० ते ३० च्या मध्ये आहे. आता २५ ची एक रन घ्या. दोन कोनांचा टॉर्क जवळपास सारखा येत असेल तर लहान कोन निवडा. कोन वाढवला की व्हॉल्व्ह लवकर मिटतो, सिलिंडरमधला दाब वाढतो आणि नॉकिंग जवळ येतं. शिवाय फेझरला कमी धावावं लागतं.

प्रत्येक ५०० आरपीएमला असा कोन निवडत गेलात की बहुतेक इंजिनांत एक आकार उमटतो: खालून कोन वाढत जातो, मधल्या आरपीएमला सर्वांत जास्त होतो आणि वर पुन्हा कमी होतो, कारण तिथे व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला हवा असतो. तुमच्या तक्त्यात मध्येच एखादा आकडा उसळलेला दिसला तर ती रन पुन्हा घ्या.

मग तक्ता गुळगुळीत करा. ३००० ला ३५ आणि ३५०० ला १५ असं लिहिलं तर फेझर तेवढ्या झटक्यात पोहोचत नाही, आणि गाडी चालवताना तिथे खड्डा जाणवतो. शेजारच्या दोन रकान्यांत पाच-सात अंशांपेक्षा जास्त उडी मी ठेवत नाही. नंतर स्कॅनरवर टार्गेट-ॲक्च्युअल पुन्हा बघा. कागदावरचा कोन फेझरला गाठता येत नसेल तर तो तक्त्यात ठेवून उपयोग नाही.

यानंतर इग्निशन. नव्या कोनावर आत हवा जास्त भरते, त्यामुळे जुना इग्निशनचा आकडा चालेल असं गृहीत धरू नका. एकेक अंश वाढवा. टॉर्क वाढायचा थांबला, की तिथेच थांबा. त्याआधी नॉकिंगचा आवाज आला तर दोन अंश मागे या. शेवटी कोन पाच अंश इकडे-तिकडे करून आणखी एकदा पडताळा, कारण या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत.

१०. दोन्ही कॅम फिरत असतील तर

पाच इनटेक कोन आणि पाच एक्झॉस्ट कोन म्हणजे प्रत्येक आरपीएमला २५ जोड्या. सगळ्या करायला जाऊ नका. एक्झॉस्ट जागेवर ठेवून इनटेक शोधा, मग तो इनटेक धरून एक्झॉस्ट शोधा, मग इनटेक पुन्हा पडताळा. एक्झॉस्ट रिटार्ड केला तरी ओव्हरलॅप वाढतोच हे लक्षात ठेवा, दोन्हींचा परिणाम जोडला जातो.

व्हीटेकमध्ये आधी लहान कॅमचा पूर्ण तक्ता करा, मग मोठ्या कॅमचा. दोन्हींचे टॉर्कचे आलेख जिथे एकमेकांना छेदतात, तिथे कॅम बदलण्याचा आरपीएम ठेवा. आवाजासाठी तो बिंदू वर ढकलला तर मध्ये टॉर्कचा खड्डा पडतो.

११. अर्धं थ्रॉटल, आयडल आणि थंड इंजिन

आयडल आणि थंड इंजिनाचे रकाने कंपनीचे ठेवा. तिथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्याचं आणि उत्सर्जनाचं गणित असतं.

अर्ध्या थ्रॉटलला ब्रेकवाल्या डायनोवर आरपीएम आणि टॉर्क स्थिर धरा आणि कोन हळूहळू वाढवत इंजेक्टरचा पल्स बघत राहा. तेवढ्याच टॉर्कला पल्स कमी होत जातो तोवर पेट्रोल वाचतंय. एका टप्प्यानंतर इंजिन हिसके द्यायला लागतं, कारण आत जळालेला वायू जास्त झालेला असतो. तिथून पाच अंश मागे या.

१२. घरी आल्यावर

पहिल्या ५०० किलोमीटरमध्ये तीनदा स्कॅनर लावा: एकदा थंड इंजिनावर, एकदा दुपारच्या उन्हात ट्रॅफिकमध्ये, एकदा घाट चढताना, तेही शेजारी कुणी बसलेलं असतानाच. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये स्वतः करतो ती दुरुस्ती), नॉक रिटार्ड (नॉकिंगमुळे मागे घेतलेलं इग्निशन) आणि टार्गेट-ॲक्च्युअलमधला फरक वहीत लिहा. फुल थ्रॉटलच्या चाचण्या सार्वजनिक रस्त्यावर करू नका, त्या डायनोवर झाल्यात. ट्रिम एका बाजूला दहा टक्क्यांपलीकडे गेलेला दिसला तर ट्यूनरकडे परत जा, स्वतः आकडे बदलू नका.

पुढचं ऑइल बदलताना ओसीव्हीची जाळी काढून बघा. ती स्वच्छ निघाली तर ऑइलचं अंतर बरोबर आहे. काळी निघाली तर ते अंतर हजार-दीड हजार किलोमीटरने कमी करा, आणि पुढच्या वेळी पुन्हा बघा.